बॅरीत घर घेताना: वेल्सचा कर, खाडीचं पाणी आणि पुण्यातला फ्लॅट

कार्डिफ आणि आसपास नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांत भाड्याच्या घराचा कंटाळा आला, की जवळच्या बॅरी या समुद्रकाठच्या गावाचं नाव निघतं. हीथच्या मोठ्या हॉस्पिटलात किंवा लॅन्डॉकला ड्यूटी असलेले डॉक्टर, नर्स, आयटीतली मंडळी, सगळ्यांचं गणित सारखंच असतं. कार्डिफच्या चांगल्या भागात जेवढ्यात लहान घर येतं, तेवढ्यात बॅरीत मोठं मिळू शकतं, समुद्र चालत जाण्याइतका जवळ आणि ट्रेनने कार्डिफ सेंट्रल साधारण अर्ध्या तासावर. गणित चुकीचं नाही, पण त्यात काही आकडे धरलेलेच नसतात. यूट्यूबवर किंवा मित्रांकडून मिळणारा सल्ला बहुतेक वेळा इंग्लंडच्या नियमांवर बेतलेला असतो. वेल्समध्ये घराचा कर वेगळा आहे, भाड्याचा कायदा वेगळा आहे, आणि किनाऱ्यावरच्या घराचे स्वतःचे काही प्रश्न आहेत. ते आधी कळले तर घर आनंदाने घेता येतं.

गाव कसं वसलं, तशी घरं

बॅरी कार्डिफच्या नैऋत्येला, चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे. १८८० च्या सुमारास इथे काहीशे माणसांची वस्ती होती. कार्डिफच्या गोदीतली गर्दी आणि तिथले दर यांना कंटाळलेल्या कोळसा-खाणमालकांनी डेव्हिड डेव्हिस यांच्या पुढाकाराने स्वतःची रेल्वे आणि स्वतःची गोदी बांधली. ती १८८९ साली उघडली. १९१३ पर्यंत बॅरीतून वर्षाला एक कोटी दहा लाख टनांच्या आसपास कोळसा जहाजांवर चढत होता आणि कोळशाच्या निर्यातीत हे बंदर जगात पहिलं होतं. गोदीच्या कार्यालयासमोर डेव्हिस यांचा पुतळा आजही आहे.

हा इतिहास घर बघणाऱ्याच्या थेट कामाचा आहे. गावाचा मोठा भाग त्या वीस-पंचवीस वर्षांत घाईने बांधला गेला. कॅडोक्स्टनकडच्या आणि होल्टन रोडच्या आजूबाजूच्या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा त्याच काळातल्या. दगडी भिंती, विटांच्या चौकटी, पुढे आलेली खिडकी आणि मागे चिंचोळं अंगण. वेस्ट एंडला, रोमिली पार्कच्या बाजूला आणि पुढे नॅपच्या दिशेने घरं मोठी होत जातात. बॅरी आयलंड हे नावापुरतंच बेट उरलं आहे. गोदी बांधताना ते मुख्य भूमीला जोडलं गेलं. तिथे बटलिन्स कंपनीने १९६६ मध्ये सुरू केलेला मोठा हॉलिडे कॅम्प १९९६ पर्यंत होता, आणि आजही ऑगस्टमधल्या उन्हाच्या रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. कोळसा संपल्यावर रिकाम्या पडलेल्या गोदीच्या जमिनीवर गेल्या काही दशकांत नवी वस्ती उभी राहिली. ती वॉटरफ्रंट. नवी घरं, फ्लॅट, पाण्याकाठचा रस्ता. मराठी कुटुंबं बहुधा आधी हीच बघायला जातात.

कर: पुण्यातला फ्लॅट इथे मोजला जातो

इंग्लंडमध्ये घर घेताना स्टॅम्प ड्यूटी भरतात. वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून ती नाही. तिच्या जागी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स आहे आणि तो वेल्श रेव्हेन्यू ऑथॉरिटी गोळा करते. राहण्यासाठी एकच घर घेणाऱ्याला पहिल्या २,२५,००० पौंडांवर काहीच कर नाही. त्यापुढे ४,००,००० पर्यंतच्या रकमेवर ६ टक्के आणि ४,००,००० ते ७,५०,००० च्या टप्प्यावर साडेसात टक्के. म्हणजे तीन लाखांच्या घरावर कर लागतो तो वरच्या ७५,००० पौंडांवर, ४,५०० पौंड.

आयुष्यातलं पहिलं घर घेणाऱ्यांना इंग्लंडमध्ये खास सवलत आहे आणि तीन लाखांपर्यंत त्यांना काहीच भरावं लागत नाही. वेल्समध्ये पहिल्या घराची वेगळी सवलत नाहीच. ब्रिस्टॉलच्या मित्राने शून्य भरलं म्हणून आपणही शून्य धरलं, की खर्चाचा ताळा तिथेच चुकतो.

पण आपल्या लोकांना खरा फटका बसतो तो वाढीव दराचा. घर घेण्याच्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं राहण्याजोगं घर असेल आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर सर्वसाधारणपणे वाढीव दर लागू होतो. आणि ते दुसरं घर जगात कुठेही असलं तरी धरलं जातं. कोथरूडचा टू बीएचके, ठाण्याचा फ्लॅट, नाशिकचा बंगला, सगळं यात येतं. ४०,००० पौंड म्हणजे आजच्या भावाने पन्नास लाख रुपयांच्या आत-बाहेर. पुण्या-मुंबईतला अर्धा हिस्सासुद्धा सहज त्यापुढे जातो.

११ डिसेंबर २०२४ पासूनचे वाढीव दर असे: पहिल्या १,८०,००० पौंडांवर ५ टक्के, तिथून २,५०,००० पर्यंत साडेआठ टक्के, आणि ४,००,००० पर्यंत १० टक्के. वर चढते टप्पे आहेतच. तेच तीन लाखांचं घर आता घेऊन बघा. पहिल्या टप्प्याचे ९,०००, दुसऱ्याचे ५,९५० आणि तिसऱ्याचे ५,०००. एकूण १९,९५० पौंड. ४,५०० च्या जागी वीस हजारांच्या घरात. पंधरा हजार पौंडांचा हा फरक रोख भरायचा असतो. त्याला कर्ज मिळत नाही.

यात काही बारकावे आहेत आणि आपल्या घरांच्या रीतीमुळे ते फार महत्त्वाचे ठरतात. पहिला, नवरा-बायको एकत्र धरले जातात. फ्लॅट फक्त तिच्या नावावर आणि बॅरीचं घर फक्त त्याच्या नावावर, असं करून सुटका होत नाही. दुसरा, दोघं-तिघं मिळून घेत असतील आणि त्यातल्या एकालाही नियम लागू झाला, तर पूर्ण व्यवहारावर वाढीव दर बसतो. म्हणून "आईबाबांनी पैसे दिलेत, त्यांचंही नाव घालू" हा प्रेमाचा विचार महागात पडू शकतो, कारण आईबाबांचं स्वतःचं राहतं घर भारतात असतंच. तिसरा, आपल्याकडे सोय म्हणून मुलाचं नाव फ्लॅटमध्ये दुसऱ्या क्रमांकावर लावून ठेवतात. हप्ते बाबांनीच फेडले, राहतातही तेच, पण करारनाम्यावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर मुलाचं नाव आहे. अशा वेळी "ते माझं नाहीच" असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका. सगळी कागदपत्रं सॉलिसिटरपुढे ठेवा आणि त्याचं मत लेखी घ्या. सातबाऱ्यावरची नुसती शेतजमीन हे राहतं घर नव्हे. त्या जमिनीवर घर उभं असेल तर मात्र विचारायला हवं.

सुटकेची एक मोठी वाट आहे. तुम्ही आपलं आधीचं मुख्य राहतं घर विकून त्याच्या जागी नवं मुख्य घर घेत असाल, तर वाढीव दर लागत नाही. जुनं घर नव्या खरेदीच्या आधीच्या तीन वर्षांत विकलेलं असलं तरी चालतं. नवं घेतल्यावर तीन वर्षांत जुनं विकलं तर आधी भरलेला जादा कर परत मागता येतो. पण जुनं घर म्हणजे तुम्ही स्वतः राहिलेलं मुख्य घर. गुंतवणूक म्हणून घेतलेला आणि पहिल्या दिवसापासून भाड्याने दिलेला हिंजवडीचा फ्लॅट विकून ही सवलत मिळत नाही. तो विकायचाच असेल तर बॅरीच्या व्यवहाराआधी विका. त्या दिवशी नावावर दुसरं घर नसेल तर प्रश्नच उरत नाही.

कराचं विवरणपत्र व्यवहार पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत भरायचं असतं. ते सॉलिसिटर भरतो, पण माहितीची जबाबदारी घर घेणाऱ्याची.

घर तुमचं, पण जमीन कोणाची?

जुन्या रांगांमधली घरं बहुधा फ्रीहोल्ड असतात, म्हणजे घर आणि जमीन दोन्ही तुमचं. फ्लॅट मात्र जवळजवळ नेहमीच लीजहोल्ड. इमारत आणि जमीन दुसऱ्याची, तुम्हाला ठरावीक वर्षांचा हक्क. लीजची ८० पेक्षा कमी वर्षं उरली असतील तर ती वाढवून घेणं फार महाग पडतं आणि बँकाही नाक मुरडतात. ३० जून २०२२ नंतर केलेल्या बहुतेक नव्या लीजवर जमीनभाडं घेता येत नाही. त्याआधीच्या लीजवर ते असू शकतं, दर काही वर्षांनी वाढणारंही असू शकतं. शिवाय सर्व्हिस चार्ज असतो. आपल्याकडे सोसायटीची सर्वसाधारण सभा असते, तिथे उभं राहून हिशेब विचारता येतो. इथे बहुतेक ठिकाणी व्यवस्थापन कंपनी बिल पाठवते. गेल्या तीन वर्षांची बिलं आणि पुढच्या मोठ्या कामांची यादी मागितल्याशिवाय फ्लॅटला हो म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

नव्या वस्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट नीट वाचावी लागते. घर फ्रीहोल्ड असतं, पण आतले रस्ते, हिरवळ, पाण्याचा निचरा कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, ताब्यात घेतलेला नसतो. मग त्याच्या देखभालीसाठी दरवर्षी इस्टेट चार्ज भरावा लागतो, आणि कौन्सिल टॅक्स पूर्ण भरावा लागतो तो वेगळाच. हा चार्ज किती वाढू शकतो आणि रस्ता कौन्सिलकडे कधी जाणार, याचं उत्तर करारात शोधायचं असतं. सेल्स ऑफिसमधल्या हसतमुख माणसाचं तोंडी आश्वासन इथे काही कामाचं नाही.

पाणी

बॅरी सेव्हर्नच्या खाडीमुखावर आहे, आणि या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरती यांत चौदा मीटरपर्यंत फरक पडतो. मुंबईत जोरदार उधाणाला समुद्राची पातळी पाच मीटरच्या जवळ गेली की पालिका इशारे देते, त्यावरून कल्पना यावी. दुपारी पाहिलेला समुद्र संध्याकाळी दूर गेलेला असतो आणि जुन्या बंदरात नुसता चिखल उरतो. "सी व्ह्यू" लिहिलेल्या घरातून दिवसाचा काही वेळ चिखलच दिसेल, हे आधी बघून घ्यावं. मला तो चिखलही आवडतो. सगळ्यांना आवडेल असं नाही.

पुराचा विचार करताना मात्र लोक समुद्राकडे बघतात आणि ओढ्याकडे पाठ करतात. बॅरीत कोल्डब्रुक ओढ्याच्या पुरासाठी कौन्सिलला मोठं काम करावं लागलं. शेजारच्या डिनास पोविसमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अतिवृष्टीने घरांत पाणी शिरलं. समुद्रापासून दूर, चढावर आहे म्हणून घर सुरक्षित, असं समजू नका. नॅचरल रिसोर्सेस वेल्सच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की समुद्र, नदी आणि पावसाचं साचणारं पाणी, या तिन्हींचा धोका वेगवेगळा दिसतो. हे फुकट आहे आणि ऑफर देण्याआधी करायचं काम आहे.

आता विमा. २०१६ पासून ब्रिटनमध्ये फ्लड री नावाची योजना आहे. पुराचा धोका असलेल्या घरांचा विमा परवडावा म्हणून विमा कंपन्या त्या घरांच्या पुराचा बोजा या सामायिक निधीकडे सोपवतात. पण १ जानेवारी २००९ पासून पुढे बांधलेली घरं यात येत नाहीत. म्हणजे १८९५ चं दगडी घर योजनेत येतं आणि पाण्याकाठचं चकचकीत नवं घर बाहेर राहतं. धोक्याच्या जागी घरं बांधायला उत्तेजन मिळू नये म्हणून नियम असा आहे, आणि तो मला रास्त वाटतो. पण त्याचा भार शेवटी घर घेणाऱ्यावर येतो. दुसरं म्हणजे ही योजना २०३९ साली संपणार आहे. आज तीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्याचे हप्ते त्यानंतरही बरीच वर्षं चालू असतील.

हे फार पुढचं वाटत असेल तर उत्तर-पश्चिम वेल्समधल्या फेअरबोर्न गावाकडे बघावं. समुद्राच्या पातळीला वसलेलं छोटं गाव. किनाऱ्याच्या दीर्घकालीन आराखड्यात असं ठरलं, की तिथला बांध कायम राखणं शक्य नाही आणि २०५४ च्या सुमारास गाव हलवावं लागेल. ही गोष्ट २०१४ च्या सुमारास सगळीकडे पसरली, आणि पाणी घरात येण्याच्या कितीतरी आधी घरांच्या किमती पडल्या, कर्ज मिळेनासं झालं. लोक तिथे आजही राहतात, त्यांचं गावावर प्रेम आहे आणि ते या निर्णयाशी भांडतही आहेत. बॅरीची परिस्थिती तशी नाही. तरी वेल्सच्या किनाऱ्याचा प्रत्येक तुकडा अशा एखाद्या आराखड्यात आहे, आणि आपल्या तुकड्यासमोर "राखायचा" लिहिलं आहे की "निसर्गावर सोडायचा", हे वाचता येतं. कड्याच्या टोकावरच्या घरांना तर हे वाचायलाच हवं. पेनार्थपासून पोर्थकेरीपर्यंतचे चुनखडी-चिखलदगडाचे कडे अधूनमधून ढासळतात.

जुन्या घरात पाणी भिंतीतूनही येतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. पुढे कोणी वरून सिमेंटचं प्लास्टर मारलं, आतून जाड रंग दिला, की ओल आत कोंडते. नैऋत्येचा खारा वारा आणि पाऊस समोरून आपटतो, त्यामुळे गळकं पन्हाळं इथे पटकन महागात पडतं. म्हणून जुन्या घरासाठी तिसऱ्या पातळीचा, म्हणजे सर्वांत तपशीलवार सर्व्हे करून घ्या. बँक जे मूल्यांकन करते ते बँकेसाठी असतं. त्यात तुमच्या भिंतीची ओल कोणी शोधत नाही.

हो म्हणण्यापासून किल्ली मिळेपर्यंत

आपल्याकडे टोकन दिलं की दोन्ही बाजूंना थोडं तरी बांधल्यासारखं वाटतं. इथे ऑफर मान्य झाली तरी करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधील नाही. घरमालक मधेच जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो आणि तुम्हीही मागे फिरू शकता. या मधल्या काळाला तीन-चार महिने सहज लागतात, कारण घरमालकाला स्वतःचं पुढचं घर मिळायचं असतं, त्याच्या विक्रेत्याला त्याचं. इस्टेट एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, पैसे त्याच्याकडूनच घेतो. तुमच्या बाजूचा माणूस म्हणजे सॉलिसिटर. तो कौन्सिल, पाणी-सांडपाणी, पर्यावरण अशा चौकश्या करतो. वेल्समध्ये घर घेण्याची सवय असलेलाच निवडा. अदलाबदलीच्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम द्यावी लागते आणि त्या क्षणापासून माघार महाग पडते. घराचा विमाही बहुधा त्याच दिवसापासून तुमच्या नावाने हवा, म्हणून विम्याची किंमत त्याच्या बऱ्याच आधी विचारा.

मागच्या विक्रीचे भाव इथे उघड असतात. लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत १९९५ पासूनचे बहुतेक घरांचे विक्रीभाव फुकट बघता येतात. त्याच गल्लीतलं शेजारचं घर कितीला गेलं हे पाहूनच ऑफर द्यावी.

कर्जाचा दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरता पक्का असतो. मुदत संपली की नवा करार करावा लागतो, नाहीतर बँकेचा चढा दर लागू होतो. भारतासारखी राहत्या घराच्या व्याजावर आयकरात सूट इथे नाही. व्हिसावर असलेल्यांना कर्ज मिळतं, पण काही बँका जास्त डाउन पेमेंट मागतात.

भारतातून पैसे आणणार असाल तर कागद आधी जमवा. आईवडील भेट देत असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. तुमच्या एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या खात्यातून, दहा लाख डॉलरपर्यंत, कर भरल्याच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या दाखल्यासह. इथला सॉलिसिटर प्रत्येक रकमेचा उगम विचारणारच. आईबाबांनी ती भेट असल्याचं आणि घरावर आपला हक्क नसल्याचं पत्र द्यावं लागतं. इंडेक्स टू, वारसपत्र असे मराठी कागद असतील तर त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर तयार ठेवा.

राहणं

शक्य असेल तर आधी एक हिवाळा भाड्याने राहावं असं मी सांगेन. १ डिसेंबर २०२२ पासून वेल्समध्ये भाडेकरूंचा कायदा बदलला आहे आणि काही कारण नसताना घर रिकामं करून हवं असेल तर मालकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. भाडेकरूला हा काळ पुरेशी स्वस्थता देतो.

कौन्सिल टॅक्सचे इथे ए पासून आय पर्यंत नऊ गट आहेत. घराचा गट जाहिरातीत लिहिलेला असतो. औषधांच्या चिठ्ठीला वेल्समध्ये २००७ पासून पैसे पडत नाहीत. वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैलांची मर्यादा आहे. किराणा आणि मसाल्यांसाठी कार्डिफचा सिटी रोड गाठावा लागेल, आणि स्वामिनारायण मंदिर कार्डिफच्याच ग्रेंजटाउन भागात आहे.

घर सुट्टीत राहायला किंवा पर्यटकांना द्यायला घेण्याचा विचार असेल तर मी उत्साह दाखवणार नाही. वेल्समध्ये कौन्सिलला दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कौन्सिल टॅक्स लावण्याचा अधिकार आहे. पर्यटकांचं घर व्यवसाय म्हणून धरलं जावं तर ते सर्वसाधारणपणे वर्षात किमान १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं असावं लागतं. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत स्थानिक तरुणांना घर परवडत नाही आणि थंडीत निम्मे दिवे बंद असतात, त्यातून हे कायदे आले. कोकणात बंद बंगल्यांच्या रांगा पाहिलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही.

मुलं लहान असतील तर शाळेचा प्रश्न घराच्या आधी सोडवा. सरकारी शाळांत वेल्श भाषा सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांनाच शिकावी लागते. पण पूर्ण शिक्षण वेल्शमधून देणाऱ्या शाळाही आहेत आणि बॅरीत तशी माध्यमिक शाळाही आहे, ब्रो मोर्गानुग. घरात वेल्श येत नसलेली कितीतरी मुलं तिथे शिकतात. घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेत वेल्श, हे मुलांना जमतं, आणि मला तो पर्याय मनापासून आवडतो. मात्र प्रवेश कौन्सिलकडून होतो आणि जागा कमी पडल्या की बहुतेक शाळांत तुमचा पत्ता कुठल्या हद्दीत येतो ते बघितलं जातं. घराची यादी करताना प्रत्येक पत्त्यासमोर त्याची शाळा लिहून ठेवा, आणि अर्जाची तारीख कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून मग घरमालकाशी ताबा कधी घ्यायचा ते बोला.